गडद आहे, भडक नाही: पहिल्या एकल प्रदर्शनाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूरकडच्या आजोळच्या घराचे सहा वर्षं काढलेले रंगीत फोटो तुमच्याकडे आहेत. माणसं जवळजवळ नाहीत. माजघरातला कोनाडा, शेवाळलेला गडगा, अंगणात वाळत घातलेली आमसुलं, निळ्या रंगाचं मागचं दार. निवडून चाळीस झालेत आणि त्यांचं एकल प्रदर्शन भरवायचं आहे. क्लबातल्या ज्येष्ठांनी दोन गोष्टी सांगितल्या: ‘यात विषय कुठे आहे?’ आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट करा, वजन येईल.’ त्यांचं ऐकावं का, किती फोटो लावावेत, केवढे, कोणत्या कागदावर, आणि सगळ्यांना आवडणारा निळ्या दाराचा फोटो मोठा करून समोरच्या भिंतीवर लावावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी अठ्ठावीस वर्षं फोटो छापते आहे. सुरुवातीची वर्षं डार्करूममध्ये केमिकलच्या ट्रेपाशी गेली, पुढची पिगमेंट इंकच्या प्रिंटरपाशी. स्वतःचं प्रदर्शन एकदाच केलं. बाकी सगळा काळ दुसऱ्यांचे फोटो कागदावर उतरवण्यात आणि हॉलमध्ये शिडीवर चढून ते टांगण्यात गेला. म्हणून माझं उत्तर छापणाऱ्याच्या बाजूने येईल. तुम्ही सोबत दिलेले सहा फोटो मी दोन दिवस सावकाश पाहिले.

ब्लॅक अँड व्हाइट करू नका. गडग्याचाच फोटो घ्या. चिऱ्याचा तांबडा आणि शेवाळाचा हिरवा, दोन्ही जवळजवळ सारख्या उजळपणाचे आहेत. मी तो करड्या छटांत करून पाहिला. शेवाळ चिऱ्यात विरून गेलं आणि मागे नुसती खडबडीत भिंत राहिली. त्या फोटोत जे काही घडतंय ते दोन रंगांच्या मध्ये घडतंय. तो रंग काढला की दाखवायला काही उरतच नाही.

तरीही ज्येष्ठांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांच्या पिढीला रंगावर भरवसा ठेवायला जागाच नव्हती. घरातला 1980 च्या आसपासचा रंगीत लग्नाचा अल्बम उघडून बघा. शालू विटकरी झालेला, हिरवा चुडा तपकिरी, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तांबूस झाक. त्या काळच्या रंगीत कागदावरचे रंग कपाटाच्या अंधारातही उडत. शिवाय रोल लॅबला द्यायचा आणि लॅब देईल ते घ्यायचं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये शेवटची छटा स्वतःच्या हातात होती, म्हणून मन लावून काम करणारा माणूस तिकडेच वळायचा. अडचण साधनांची होती, तिचा नियम होऊन बसला.

‘विषय कुठे आहे’ हा प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याच्यावर एक मोठं प्रदर्शन होऊन गेलं आहे. विल्यम एगलस्टन हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरचा, 1939 साली जन्मलेला फोटोग्राफर. 1976 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं एकल प्रदर्शन लागलं. ते लावलं तिथल्या फोटोग्राफी विभागाचे प्रमुख जॉन झारकॉव्स्की यांनी. भिंतीवर 75 रंगीत प्रिंट. त्यांत काय होतं? मुलांची तीनचाकी सायकल, हिरव्या टाइल्सचं न्हाणीघर, उघडा ओव्हन, उपनगरातले रिकामे कोपरे. समीक्षकांनी सडकून टीका केली. कंटाळवाणं, क्षुल्लक, घरच्या अल्बमच्या लायकीचं, असा सूर होता. आज रंगीत फोटोग्राफीचा इतिहास सांगणारा कुणीही त्या प्रदर्शनापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

त्या संग्रहालयातलं ते पहिलंच रंगीत एकल प्रदर्शन, असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. ते बरोबर नाही. तिथेच 1943 मध्ये एलियट पोर्टर यांचे पक्ष्यांचे रंगीत फोटो लागले होते आणि 1962 मध्ये अर्न्स्ट हास यांचं रंगीत काम. मग खळबळ 1976 मध्येच का माजली? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण असं की पक्ष्याला रंग असतोच, तिथे रंग ही माहिती आहे. हास यांच्या फोटोंत गती आहे, डोळ्याला दिपवणारं काही आहे. एगलस्टनच्या न्हाणीघरात रंगाला असा कुठलाच आधार नाही. हिरव्या टाइल्स आहेत, त्यांच्यावर उजेड आहे, आणि पाहणाऱ्याने त्या हिरव्यासमोर उभं राहायचं आहे. तुमच्या कोनाड्याचं तेच आहे. क्लबात कुणी विचारलं तर सरळ सांगा की विषय कोनाड्यातला तो काजळी धरलेला पिवळा रंग आहे.

ते प्रिंट कसे केले होते हेही तुमच्या कामाचं आहे. पद्धतीचं नाव डाय ट्रान्सफर. मूळ पारदर्शिकेवरून, म्हणजे स्लाइडवरून, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन निगेटिव्ह काढायच्या, त्यांवरून जिलेटिनचे तीन साचे करायचे, ते निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगात भिजवायचे आणि एकावर एक अचूक बसवून कागदावर दाबायचे. फार महागडं काम, मुख्यतः जाहिरातींसाठी चालायचं. कोडॅकने 1990 च्या दशकात त्याचं साहित्य बनवणं बंद केलं. त्या पद्धतीचा फायदा हा की तिन्ही रंग वेगवेगळे हातात असत. बाकी चित्राला धक्का न लावता एकट्या लालाला खोल नेता येई. ज्यांनी ते प्रिंट ‘घरच्या अल्बमसारखे’ म्हटले त्यांच्यासमोर खरं तर त्या काळातली सगळ्यात काटेकोर छपाई होती. आज तेवढा ताबा तुमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये आहे, आणि म्हणूनच घसरायलाही सोपं झालं आहे.

आता त्या घसरण्याविषयी. मराठीत गडद आणि भडक हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आपल्या सगळ्या कामाचा सार त्या दोहोंच्या मधल्या फरकात आहे. साडीच्या दुकानात ही जाण अजून शाबूत आहे. आमसुली, डाळिंबी, चिंतामणी, मोरपंखी, अबोली, श्रीखंडी. माझी आई काउंटरवर पदर उलगडून, दारापाशी नेऊन, बाहेरच्या उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, ‘हा आमसुली नाही, हा नुसता जांभळा आहे.’ आमसुलीत काळं असतं, थोडं तपकिरी असतं, आणि आत खोल कुठेतरी लाल. फोटो एडिट करताना सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या तीव्रतेचा, स्लायडर उजवीकडे ढकलला की हे आतलं काळं-तपकिरी धुऊन जातं आणि रंग भडक होतो. गडदपणा हवा असेल तर उलट वाट धरा. सॅच्युरेशन आहे तिथेच ठेवा किंवा थोडं खालीच आणा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, पाव-अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) उतरवा, सावल्या उजळू नका. तुमच्या सहापैकी दोन फोटो, केळीची पानं आणि निळं दार, माझ्या मते भडक झाले आहेत. बाकीचे चार अगदी जागच्या जागी आहेत.

तुमचे पावसाळ्यातले फोटो आपोआप गडद का आले, तेही सांगते, म्हणजे पुढे मुद्दाम करता येईल. कोरड्या दगडावर उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातलं पांढरं रंगात मिसळतं. दगड भिजला की पाण्याच्या पातळ थरामुळे ते विखुरणं कमी होतं आणि खालचा खरा रंग वर येतो. ढगाळ आभाळाचा उजेड सगळीकडून सारखा येत असल्याने कडक सावल्याही नसतात. फक्त ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चकाकी बसते. ती लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर फिरवून काढता येते, पण पुरती काढू नका, नाहीतर पानं प्लास्टिकची दिसतात.

इथे एक गोष्ट मनात आली म्हणून सांगते. भारतीय फोटोग्राफर रघुबीर सिंग यांचे फोटोही रंगाने ओसंडतात, कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मवर काढलेले आहेत, आणि मला ते अतिशय प्रिय आहेत. पण ते शांत नाहीत. एकेका चौकटीत चार गोष्टी एकाच वेळी चालू असतात. रंगाची श्रीमंती एक आणि शांतता दुसरी. दोन्ही एकत्र सांभाळायच्या तर सॉल लायटर यांच्याकडे बघा. न्यूयॉर्कचे, मुळात चित्रकार, 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून रंगीत फोटो काढत होते. दव धरलेल्या काचा, बर्फातल्या छत्र्या, चौकटीचा अर्धा भाग नुसता काळा. ते काम जगाने खऱ्या अर्थाने पाहिलं 2006 च्या सुमारास, ते ऐंशी ओलांडून गेल्यावर. चौकटीतला मोठा भाग गप्प ठेवला की छत्रीचा छोटासा लाल केवढा भरतो, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

चाळीस फोटो फार होतात. गणित करून बघा. हॉलची वापरता येणारी भिंत 90 फूट धरू. 24 बाय 16 इंचांचा प्रिंट, त्याला चारी बाजूंनी तीन इंचांचा माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची कोरी चौकट), म्हणजे फ्रेम साधारण 30 इंच रुंद. दोन फ्रेमांच्या मध्ये शांत फोटोला तेवढीच मोकळी भिंत लागते, आणखी 30 इंच. एका फोटोला पाच फूट. 90 फुटांत 18 फोटो. चाळीस कोंबले तर दाराशी उभा असलेला माणूस एका नजरेत सात-आठ फोटो बघेल आणि त्यातला प्रत्येक रंग शेजारच्याशी भांडेल.

भांडेल हे मी उगाच म्हणत नाही. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, मळकट दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात होते, त्यांच्यामुळे तो तसा दिसत होता. त्यांनी 1839 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. प्रदर्शनाची भिंत हीसुद्धा एक वीणच आहे. आमसुलांच्या फोटोशेजारी केळीची हिरवी पानं लावलीत तर आमसुलं लालभडक दिसतील. कोनाड्याचा पिवळा शेजारी आला तर त्यांचा जांभळा वर येईल. दोन्ही चालेल, पण कोणतं हवं ते तुम्ही ठरवलेलं असलं पाहिजे.

त्यासाठी चाळीसही फोटो 7 बाय 5 इंचांत साध्या कागदावर काढा आणि घरातल्या एका खोलीच्या जमिनीवर मांडा. ती खोली महिनाभर अडवून ठेवा. येता-जाता बघा. ज्याच्यावरून नजर सहज पुढे जाते तो उचलून ठेवा, मग तो काढायला केवढेही कष्ट पडलेले असोत. तुम्हाला आजीची आठवण येते म्हणून ठेवलेला एखादा फोटो असेल. तो सगळ्यात उशिरा निघतो. निघू द्या, तो घरी लावा. एगलस्टनच्या 75 प्रिंटांपैकीसुद्धा सोबतच्या पुस्तकात 48 च घेतले गेले होते.

आकाराची भीती बाळगू नका आणि हावही धरू नका. तुमचा 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा 6000 बाय 4000 पिक्सेल देतो. दर इंचाला 250 पिक्सेल धरले तर बरोबर 24 बाय 16 इंच होतात. त्यापुढे ताणायची गरज नाही. शांत फोटोजवळ माणूस स्वतः चालत गेला पाहिजे, फोटो त्याच्या अंगावर येता कामा नये. काही फोटो 18 बाय 12 मध्येच जास्त चांगले दिसतील. सगळे एका मापाचे हवेत असा काही नियम नाही.

कागद. सुती मॅट कागद, तीनशेच्या आसपास ग्रॅम वजनाचा, हातात घेतला की फार देखणा वाटतो आणि कोनाड्यासारख्या फोटोंना शोभतोही. पण मॅटवर काळा रंग पुरेसा काळा होत नाही, करडाच राहतो. तुमच्या निम्म्या फोटोंत माजघराचा अंधार आहे, आणि तो अंधार उथळ झाला तर त्यातले रंगही उथळ होतील. त्यांना मी बरायटा कागद सुचवेन, जुन्या डार्करूमच्या कागदासारखा, हलकी चकाकी असलेला. काळा खोल जातो आणि चकाकी साध्या ग्लॉसीसारखी डोळ्यांत येत नाही. दोन्ही कागदांवर त्याच फोटोच्या पट्ट्या काढून घ्या, एका प्रिंटइतका खर्च येईल, पण तो टाळू नका. कागद घेताना विचारा की त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारं रसायन, आहे का. त्याने कागद आज झगझगीत पांढरा दिसतो आणि काही वर्षांत पिवळट पडत जातो. स्क्रीन कॅलिब्रेट करून, म्हणजे तिचे रंग मोजून बरोबर लावून, तिचा ब्राइटनेस खूप कमी करा, शंभर निट्सच्या (स्क्रीनच्या उजळपणाचं माप) आसपास. ‘प्रिंट काळे आले’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची स्क्रीनच दुप्पट उजळ असते.

आता उजेड. यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण माझं एकुलतं एक प्रदर्शन मी इथेच घालवलं. नदीकाठच्या लाल मातीचे फोटो होते, 22 प्रिंट, दोन वर्षांचं काम. घरी खिडकीच्या उजेडात ते असे दिसायचे की हात लावावासा वाटे. हॉल आदल्या संध्याकाळी मिळाला. फोटो टांगले, दिवे लावले, आणि माती शेणकटासारखी तपकिरी झाली. छतावर पांढऱ्याफेक ट्यूब होत्या, जोडीला स्वस्तातले एलईडी स्पॉट. मी रात्री बारापर्यंत शिडीवरून स्पॉट इकडेतिकडे वळवत राहिले. काही उपयोग झाला नाही. सात दिवस लोक आले, बघून गेले, चांगलं बोलले. त्यांनी पाहिली ती माती माझी नव्हती.

नेमकं काय झालं ते मला नंतर कळलं. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल जवळजवळ नसतोच. जो लाल दिव्यातून निघतच नाही तो कागदावरून परत कुठून येणार? दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. शंभरापैकी तो 95 च्या पुढचा हवा. त्यातही गडद लालासाठी आर 9 म्हणून वेगळा आकडा असतो, दुकानदाराला तोही विचारा. तुमच्याकडे चिरा आहे, आमसुलं आहेत, त्यामुळे तुमचं सगळं काम त्या एका आकड्यावर उभं आहे. दिव्याचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर. तो 3500 ते 4000 केल्विनच्या दरम्यान ठेवा. छतावरच्या 6500 केल्विनच्या ट्यूब बंद करायला सांगा. हॉलवाले तयार नसतील तर तो हॉल तुमचा नाही.

उजेड किती, हेही महत्त्वाचं. तिन्हीसांजेला परसातली जास्वंद बघा. लाल फूल आधी काळवंडतं, पानं अजून दिसत असतात. हॉल इतका अंधारा नसतो, पण उजेड जसजसा उतरतो तसतसे सगळेच रंग डोळ्याला फिके वाटू लागतात. प्रिंटवर 150 ते 200 लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) पडले तर रंग भरून दिसतो. मोबाइलवरच्या लक्स मीटरवर पूर्ण विसंबू नका, पण एका फ्रेमवर 200 आणि शेजारच्या फ्रेमवर 80 पडतायत एवढं त्याने कळतं, आणि तेच जास्त छळतं. हॉल ठरवण्यापूर्वी दोन-तीन टेस्ट प्रिंट घेऊन तिथे जा, चालू प्रदर्शन संपल्यावर पाच मिनिटं मागा आणि त्याच दिव्यांखाली भिंतीला धरून बघा. मी हे तेव्हा केलं असतं तर मातीची छपाई वेगळी केली असती.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीसाठी अर्ज करायचा असेल तर आजच करा, पाळी यायला वर्षं लागतात. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन लोकांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे, पण गजबज आहे. तुमच्या फोटोंना मी रत्नागिरीतला किंवा कोल्हापुरातला एखादा लहान, शांत हॉलसुद्धा कमी लेखणार नाही. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कागद दमट होऊन फ्रेममध्ये लाटा धरतो आणि प्रिंट काचेला चिकटला तर तो परत निघत नाही. म्हणून फ्रेमवाल्याला बजावून सांगा: माउंट आम्लरहित हवा, काच प्रिंटला टेकता कामा नये, पाठीमागे प्लायवूड नको. तुमच्या गडद फोटोंत साध्या काचेत पाहणाऱ्याचं स्वतःचंच तोंड दिसेल. प्रतिबिंब न दाखवणारी काच महाग आहे, अठराही फ्रेमांना परवडणार नाही. मग माजघराच्या सहा-सात फोटोंपुरती घ्या. फोटोचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर ठेवा. आपल्याकडे फोटो नेहमीच फार वर टांगतात.

फोटोंखाली कविता लिहू नका. जागा आणि साल, बस. पार्श्वसंगीत नको.

राहिला निळ्या दाराचा फोटो. समोरच्या भिंतीवर मोठा करून लावलात तर लोक आत येतील, त्याच्याकडे जातील, मोबाइलवर काढतील आणि बाकीचे सतरा फोटो त्याच्या सावलीत बघतील. समोर कोनाडा लावा. दार 18 बाय 12 च्या पुढे नेऊ नका, त्याची सॅच्युरेशन उतरवा, म्हणजे चुन्यात कालवलेल्या त्या निळ्यातला खडूसारखा पांढुरका परत येईल. आणि हॉलच्या प्रवेशाच्या आतल्या अंगाला जी अरुंद भिंत असते, जिथे सहसा कुणी काही लावत नाही, तिथे तो एकटा टांगा. आत येताना तो पाठीमागे राहील. सगळं घर बघून माणूस बाहेर जायला वळला की मागचं दार समोर येईल.